गोरीच्या पाठीवरचं ऊन

"सेर्फीन, नीट ऐक. आधी चिखल, मग सावली. तेल लावायचंच असलं तर दिवस कलल्यावर. भर उन्हात लावलंस तर जितं डुक्कर तळून निघेल. काय सांगितलं मी?"

"आधी चिखल, मग सावली, तेल दिवस कलल्यावर."

"शाब्बास. घे बादली."

मदर ब्रिजितांचा तो आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मठाच्या शाळेत शिकत होते. मठामागच्या कुंपणात चार विलायती डुकरं होती, गुलाबी कातडीची, विरळ पांढऱ्या केसांची. आपल्या गावठी काळ्या डुकराला ऊन म्हणजे काय ते ठाऊक नसतं. ही मात्र तान्ह्या पोरासारखी भाजायची. सकाळचे दहा वाजले की आम्ही दोन मुली त्यांच्या पाठीला आणि कानांच्या मागेपुढे ओला चिखल थापायचो. तो वाळून पांढरा पडला की पुन्हा थापायचो.

पुढे वसईत लग्न होऊन आले तेव्हा सासरीही डुकरं होती, पण ती काळी. केळीच्या बागेत दिवसभर हुंदडायची, बावखलात, म्हणजे बागेतल्या तळ्यात, लोळायची, संध्याकाळी कोंड्याच्या वासाने आपणच खोपटात यायची. त्यांना कुणी चिखल थापायची गरज नव्हती. मदर ब्रिजितांची शिकवण मला उपयोगी पडायचं कारणच नव्हतं. अकरा वर्षं मी त्या काळ्या डुकरांचं केलं. घरात कुणी वाईट बोललं नाही, आणि चांगलंही नाही. सासूला आम्ही सगळे आय म्हणायचो. आयला पाणी हवं असलं की ती म्हणायची, "थोरली, पाणी." मीठ हवं असलं की, "थोरली, मीठ." सेर्फीन हे माझं नाव तिच्या तोंडून मी लग्नाच्या दिवशी ऐकलं होतं, तेवढंच.

मग धाकटी जाऊ आली, अपोलीन.

या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली. माझा दीर इनास बोटीवर कामाला होता, लग्न करून महिन्याभरात परत गेला. अपोलीनच्या मामाने लग्नात कपाट दिलं, भांडी दिली आणि वेताच्या टोपलीत घालून दोन गुलाबी पिल्लं दिली, एक नर आणि एक मादी. वरातीतली माणसं नवरीला सोडून टोपलीत डोकावत होती.

"अगो बाय, ही तर मड्डमच!" शेजारची कोन्सूमावशी म्हणाली.

आयने एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा टोपलीकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गोरी सून, गोरी डुकरं. आता या घरात काळं उरलं ते माझ्या तव्याचं बूड."

सगळे हसले. मीही हसले. मग स्वयंपाकघरात गेले आणि तवा घासत बसले. माझा रंग तव्याच्या जवळचा आहे, हे त्या दिवसापर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

अपोलीन वाईट नव्हती, हे आधी सांगून टाकते. ती वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती मला 'बाय' म्हणायची, माझ्याआधी उठून रहाटावर जायची, माझ्या वाटणीचं पाणीही भरून ठेवायची. पण ती बोलायला लागली की घरातली माणसं हातातलं काम थांबवायची. आय तिला 'पोरी' म्हणायला लागली. ताटातलं माशाचं डोकं आय आधी कुणालाच देत नसे, ते आता अपोलीनच्या ताटात पडू लागलं. आणि एका रविवारी मी खोबरेल तेलाची वाटी कोमट करून ओटीवर नेली, तर आय अपोलीनच्या पुढ्यात केस सोडून बसली होती.

"तू ऱ्हा थोरली," आय डोळे मिटूनच म्हणाली. "पोरीचे हात हलके आहेत."

अकरा वर्षं दर रविवारी ते केस मी विंचरले होते.

माझं म्हणावं असं त्या घरात एकच उरलं होतं, ते म्हणजे माझं मौन. लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझा नवरा बस्त्याव टायफॉइडातून मरता मरता वाचला, तेव्हा मी नवस बोलले होते. उपासकाळात, म्हणजे पास्काच्या, ईस्टरच्या, सणाआधीच्या चाळीस दिवसांत, दर शुक्रवारी सकाळी उठल्यापासून दुपारी तीनपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तीन वाजता प्रभूने क्रुसावर प्राण सोडला, म्हणून तीन. रोजची तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, तिन्ही वेळची दूतवंदना, बुधवारची नोव्हेना, हे तर गावातल्या चार बायका करायच्या. मौन मात्र माझंच. आय पाहुण्यांना सांगायची, "आमच्या थोरलीचं मौन म्हणजे देवळाची घंटा. वेळ झाल्याशिवाय वाजणार नाही." अकरा वर्षांत तिने केलेलं माझं कौतुक ते एवढंच, पण मला ते वर्षभर पुरायचं.

त्या वर्षी उपासकाळाच्या पहिल्या शुक्रवारी अपोलीन म्हणाली, "बाय, मी पण धरते मौन तुमच्याबरोबर."

मी मान हलवली. ती माझ्याशेजारी घरातल्या वेदीपुढे येऊन बसली. अर्ध्या तासाने कोंबडी तुरुतुरु घरात आली आणि तिच्या पदरावर चढली. अपोलीनला हसू आवरेना. "जा गो भवाने, माझं मौन आहे!" ती ओरडली, आणि बोलून गेल्याचं लक्षात आल्यावर दोन्ही हात तोंडावर दाबून बसली. आय इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढचे आठ दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला तीच गोष्ट. माझं अकरा वर्षांचं मौन एकीकडे आणि तिचं अर्ध्या तासाचं मोडलेलं मौन एकीकडे. आयला तिचंच जास्त गोड लागलं.

तोवर ती पिल्लं वाढली होती. नर आयने मधेच एका पाहुण्याला देऊन टाकला. मादी मोठी झाली, फळली आणि पहिल्यांदा गाभण राहिली. तिला आम्ही गोरी म्हणायचो. रविवारी मिस्सा सुटली की बायका वाट वाकडी करून तिला बघायला यायच्या. म्हणून अपोलीन रोज सकाळी गोरीला बावखलातून बाहेर काढायची, नारळाच्या शेंडीने खसाखसा घासून तिचा सगळा चिखल धुवून टाकायची आणि बावखलाच्या काठावर तिच्यासाठी केलेल्या कुंपणात उभी करायची. तिथे सावलीचं एक झाड नव्हतं. गोरी मग नुसती चमकायची.

मी केळीला पाणी घालता घालता ते पाहायचे. पंधरा दिवस पाहिलं. फाल्गुनाचं ऊन चढत होतं.

एकदा जेवताना आय म्हणाली, "गोरीला धडधाकट पिल्लं झाली की पास्कानंतर काळी सगळी काढून टाकू. घरात गोरीचंच बीज ठेवू. पोरी, डुकरांचं सगळं मग तूच बघ."

"मी एकटी कशी बघू?" अपोलीन म्हणाली. "बायना सगळं ठाऊक."

"थोरलीला काळ्यांचं ठाऊक," आय म्हणाली. "गोऱ्यांचं तिला काय कळतंय?"

मला कळत होतं. तोंडाशी आलं होतं. मी आमटी वाढली.

उपासकाळाचा चौथा शुक्रवार. सकाळचे साडेनऊ झाले असतील. आय क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला देवळात गेली होती, बस्त्याव बाजारात. मी वेदीपुढे बसून तेर्स करत होते. अपोलीन मागच्या दाराने धावत आली. तिचे कोपरापर्यंत हात चिखलाने भरले होते.

"बाय, गोरीच्या कानाची सालं निघतायत. पाठ लाल झालीय, हात लावला की अंग चोरते. उन्हानेच असेल, ना?"

मी मणी पुढे ढकलला.

"मला वाटलं चिखल लावावा. बावखलात गेली की तिला बरं वाटतं. पण चिखल घाण, जखमेत गेला तर? मग वाटलं तेल लावावं, मऊ पडेल." ती माझ्यापुढे उकिडवी बसली. "बाय, तुम्ही बोलू नका. नुसतं सांगा. चिखल की तेल?"

मी जपमाळेचा हात फळीच्या दिशेने थोडा हलवला आणि पुन्हा मान खाली घातली.

ती उठली आणि गेली. पाठोपाठ फळीवरची बाटली काढल्याचा आवाज आला.

साडेअकराला गोरीची पहिली किंकाळी ऐकू आली. डुकराचं ओरडणं मी जन्मभर ऐकत आले होते. भुकेचं, भांडणाचं, सुरीचं. हे तसलं नव्हतं. ती चार पावलं चालायची, मग एकाएकी पाठ खाली सोडायची, जणू कुणी वरून कढतं पाणी ओतलंय, आणि किंचाळायची. अपोलीनचा आवाजही येत होता, "गोरी, गोरी, काय झालं गो?" कोन्सूमावशी कुंपणावरून ओरडली, "अगो, तिला सावलीत तरी ने!" बारा वाजता देवळाची घंटा झाली. मी दूतवंदना म्हटली. मग बसून राहिले. एक वाजला. दोन वाजले.

तीनचे टोले पडले तशी मी उठले, बावखलावर गेले आणि म्हणाले, "चिखल आण. ओला. आणि केळीची पानं तोड."

गोरीच्या पाठीवर तळहाताएवढे फोड आले होते. तिच्या अंगावरचं तेल अजून चकाकत होतं.

"बाय आल्या," अपोलीन रडत रडत म्हणाली. "आता वाचेल."

मंगळवारी सकाळी गोरीचा गाभ पडला.

आय कुंपणापाशी बराच वेळ उभी राहिली. मग तिने अपोलीनकडे पाहिलं. आयला तिच्याकडे असं पाहताना मी कधीच बघितलं नव्हतं.

"मामाकडून डुकरं आणलीस, अक्कल तिथेच राहिली वाटतं. उन्हात तेल? कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही, आय."

"थोरलीला विचारायचं होतंस."

"त्यांचं मौन होतं. मी विचारलंच नाही."

मी पाच पावलांवर उभी होते. त्या दिवशी मंगळवार होता, माझं मौन नव्हतं, तोंड उघडायला मला कुणाची बंदी नव्हती. अपोलीनने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती जमिनीकडे बघत होती.

"बघितलंस?" आय शेजारच्या कोन्सूमावशीला म्हणाली. "आमच्या थोरलीचं मौन नसतं तर हे झालं नसतं. तिला विचारायला हवं होतं. आपण उगाच नव्याच्या मागे लागलो." आणि मग ती माझ्याकडे वळली. "सेर्फीन, काळी काही काढायची नाहीत. डुकरांचं तूच बघ, पहिल्यासारखं."

सेर्फीन म्हणाली. अकरा वर्षांनी.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. त्या रविवारची वाटसुद्धा बघावी लागली नाही. त्याच संध्याकाळी आयने तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि केस सोडून बसली. मी बोटं तेलात बुडवली. तिच्या डोक्यावर टेकवली तेव्हा ती म्हणाली, "हात गार का गो तुझे?"

बुधवारी आय बहिणीकडे नाळ्याला गेली, शुक्रवारी सकाळी येणार होती. जाता जाता सांगून गेली, "मिंगेलला निरोप दिलाय. शुक्रवारी दुपारी टेम्पो घेऊन येईल. गोरी त्याला देऊन टाका. पास्काच्या मटणाला होईल." मिंगेल म्हणजे आमचा डुकरं कापणारा. अपोलीन ऐकून नुसती आत गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. होत नव्हता, आणि का होत नाही ते मला गुरुवारी दुपारपर्यंत कळेना. माझ्या मनातला मत्सर गेला नव्हता, उलट वाढला होता. आधी मला तिच्या रंगाचा मत्सर वाटायचा, तिच्या हलक्या हातांचा, आयच्या 'पोरी'चा. आता वाटत होता तो तिच्या त्या एका वाक्याचा. मी विचारलंच नाही. रोज तीन वेळा गुडघे मी टेकत होते, आणि ते वाक्य तिला सुचलं.

गुरुवारी दुपारी मी बावखलावर गेले. केळीच्या पानांच्या मांडवाखाली गोरी कुशीवर पडली होती आणि अपोलीन तिच्या पाठीला हळूहळू चिखल लावत होती, फोड चुकवून.

"आयला खोटं का सांगितलंस?" मी विचारलं.

"मग काय सांगू?" तिने वर पाहिलं नाही. "बायनी तेलाच्या बाटलीकडे बोट दाखवलं म्हणून सांगू?"

मी मांडवावरचं सरकलेलं पान नीट केलं.

"तुमची तरी काय चूक?" ती म्हणाली. "तेर्स चालली होती, मी मधेच येऊन डोकं खाल्लं. आणि काळ्या डुकरांना कुठे भाजतं? तुम्हाला कसं ठाऊक असणार? तुमचं एवढं नाव आहे घरात. उगाच आयच्या मनातून तुम्ही का उतरायचं? मी काय, नवी आहे. मला चार शिव्या बसल्या तरी चालतंय."

"अपोलीन."

"काय?"

"मला ठाऊक होतं."

तिचा हात गोरीच्या पाठीवर थांबला.

"काय ठाऊक होतं?"

"उन्हात तेल लावलं की डुक्कर भाजतं. मी मठात विलायती डुकरं सांभाळलीत. बारा वर्षांची होते. तू रोज तिचा चिखल धुवायचीस तेव्हाही मला ठाऊक होतं."

गोरी घरघरली. बावखलाच्या पाण्यावर माश्या घोंघावत होत्या. अपोलीनने हात पाण्यात बुडवून धुतला, फार वेळ धुतला, बोटाबोटाच्या बेचक्यातला चिखलही काढला.

"मी काय केलं होतं तुमचं?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग?"

मला खरं उत्तर सांगायला लाज वाटली. एवढ्याशा गोष्टी होत्या. पण तिने विचारलं होतं. "आयच्या केसांना तेल तू लावायला लागलीस," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती हसेल किंवा ओरडेल. दोन्ही केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "एवढं होतं तर सांगायचं ना बाय. मला त्या तेलाच्या वासाने डोकं दुखतं. मी आयसाठी करत होते."

मग तिचे डोळे भरले. "तिच्या पोटात सात होती. मी मोजली."

मी तिच्या शेजारी चिखलात बसले. मग म्हणाले, "फादरांकडे जाऊन पापनिवेदन करीन."

"ते तुमचं आणि देवाचं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज कडक झाला. "फादर काही कुणाला सांगायचे नाहीत. उद्या मिंगेल गोरीला नेईल. आयला वाटतंय ही बाद झाली, पुन्हा फळायची नाही. माझं कोण ऐकतंय आता? तुमचं ऐकेल. तुम्ही सांगा तिला, डुक्कर धड आहे, चूक कुणाची होती ते सांगा, आणि चिखल-सावली करून गोरी पुन्हा उभी राहील हेही सांगा. मिंगेल यायच्या आत."

"सांगते."

"उद्या शुक्रवार आहे, बाय. आय सकाळी येईल. मिंगेल बाराला."

"मला कळतं."

"तीन वाजल्यावर सांगून काही उपयोग नाही."

"म्हटलं ना, कळतं."

"मग शब्द द्या."

तिने ओला हात पुढे केला. मी माझा त्यावर ठेवला.

शुक्रवारी मी नेहमीसारखी पहाटे उठले आणि मुकी झाले. सवयच तशी. चूल पेटवली, कोंडा कालवला, वेदीपुढे दिवा लावला. आय साडेदहाला आली, पाय धुतले, आणि अंगणातूनच बस्त्यावला म्हणाली, "थोरलीशी कुणी बोलू नका रे, तिचं मौन आहे." त्या आवाजातला अभिमान मला आत ऐकू आला. अकरा वर्षं मी त्या आवाजासाठी गप्प राहत आले होते.

मी तेर्स सुरू केली. माळेची दुःखाची पाच रहस्यं. पहिलं झालं, दुसरं झालं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली.

"थोरली, मिंगेलचा टेम्पो दिसला की हाक मार गो," आय मागच्या बागेतून ओरडली. मग स्वतःशीच हसली. "अगं, तू कशी मारणार? पोरी, तू मार."

"बरं, आय," अपोलीन म्हणाली.

ती दारातून बादली घेऊन गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. तिची पावलं बावखलाकडे वळली.

मी तिसऱ्या रहस्याच्या मधल्या मण्यावर होते. त्याला ओठ लावले, माळ वेदीपुढे ठेवली, पदर डोक्यावरून घेतला आणि उठले. मागच्या बागेत वालाच्या मांडवाखाली आय शेंगा खुडत होती. तिची पाठ माझ्याकडे होती, पांढऱ्या केसांचा अंबाडा मानेवर सुटला होता. रस्त्यावर अजून टेम्पोचा आवाज नव्हता.

मी पायरी उतरले आणि केळीच्या ओळीतून तिच्याकडे चालू लागले.